हट्ट्याच्या गच्चीवरून बुधाची शेपटी

हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्याला मी बुध बघायला चालले आहे, असं रत्नागिरीत शेजारच्या सुमनताईंना सांगितलं, तर त्यांना वाटलं तिथे बुधवारचा काही मोठा बाजार भरत असेल. ग्रह बघायला जातेय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग तो आपल्याकडून दिसत नाही होय?"

दिसतो. पण मला नुसता बुध नको होता, त्याची शेपटी हवी होती. आणि आमच्याकडे एप्रिल संपता संपता समुद्रावर अशी दमट धुरकट पट्टी बसते, की मावळता सूर्यसुद्धा पाण्याला टेकायच्या आधीच पुसला जातो. त्याच्या मागोमाग उतरणाऱ्या बुधाचं काय घेऊन बसलात.

शेपटीचं आधी सांगते, म्हणजे पुढचा खटाटोप वेडेपणाचा वाटणार नाही. माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून गेली. प्रॅक्टिकलच्या आधी सोडियमचा दिवा लावून ठेवणं हे माझं काम. तो लावला की आधी गुलाबी दिसतो, मग हळूहळू तापून पिवळाधमक होतो. त्या पिवळ्या उजेडात माणसांचे चेहरे राखाडी दिसतात, लाल ओढणी काळी पडते. निवृत्त व्हायच्या सुमारास कुठेतरी वाचलं, की बुधाच्या मागे हाच पिवळा रंग लाखो किलोमीटर लांब पसरलेला असतो, आणि चांगला कॅमेरा असेल तर तो घराच्या गच्चीवरूनही टिपता येतो.

बुधाला आपल्यासारखी हवा नाही. त्याची जमीन उघडी. सूर्याचा प्रखर उजेड, सूर्यावरून सुटलेले कण आणि धुळीएवढे उल्काकण तिच्यावर अखंड आदळत असतात. त्या माऱ्यानं दगडातले अणू सुटतात आणि वर उडतात. आपल्याकडे असा अणू उडाला तर लगेच हवेतल्या दुसऱ्याला धडकेल. तिथे धडकायला कुणी नाही. काही अणू दूरवर जाऊन पुन्हा जमिनीवर पडतात, काही कायमचे निघून जातात. त्यातले सोडियमचे अणू उन्हात पिवळे उजळतात, आणि सूर्यप्रकाशच त्यांना मागे मागे ढकलत नेतो. बुध सूर्याच्या सगळ्यात जवळून गेला, की त्यानंतर दोनेक आठवड्यांनी ही शेपटी चांगली भरते. त्याच वेळी बुध संध्याकाळच्या आकाशात पुरेसा वर असणं हा योग नेहमी येत नाही. त्या वर्षी तो एप्रिलच्या अखेरीस आला होता, आणि माझे गुडघे पुढच्या योगापर्यंत थांबतील याची खात्री नव्हती.

वसमत ते हट्टा

पूर्णेला गाडी बदलून वसमतला उतरले, तर फलाटावर नसरीन उभी. नसरीन रत्नागिरीचीच, माझ्या प्रयोगशाळेत तीन वर्षं काचा फोडलेली विद्यार्थिनी. लग्न होऊन ती हट्ट्याला आली आणि आता वसमतच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. नवरा इम्रान पुण्याला नोकरीत. घरी ती आणि सासू, दोघीच. तिनंच मला लिहिलं होतं, "ताई, आमच्या गच्चीवरून पश्चिमेला एक टेकाडसुद्धा आड येत नाही. या."

स्कूटीवर मी मागे, कॅमेऱ्याची पेटी आमच्या दोघींच्या मध्ये आणि तिपाई माझ्या खांद्यावर, अशा आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना काळी रानं मोकळी झालेली, आणि मधूनमधून हळद उकडायचे मोठे लोखंडी पिंप वाफ सोडत उभे. उकडलेल्या हळदीचा वास मातीचाही असतो आणि औषधाचाही. आमच्या कोकणात हळद म्हणजे परसातलं पान, श्रावणात पातोळ्या उकडण्यापुरतं. इथे हळदीचं पान कुणाच्या खिजगणतीत नाही. इथे हळद म्हणजे पोती, ट्रक, आणि घरातल्या माणसांची पिवळी बोटं.

नसरीनच्या सासूबाईंना सगळेच अम्मी म्हणतात. सत्तरीच्या, सडपातळ, कपाळापर्यंत ओढलेला पदर. रमजानचे शेवटचे दिवस होते आणि त्यांचा रोजा होता, तरी माझ्यापुढे त्यांनी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. मी संकोचले.

"खा वो बाई. रोजा माझाय, तुमचा थोडाच हाय?" त्या म्हणाल्या. मग पेटीकडे बघून त्यांनी विचारलं, "इतक्या लांबून काहून आलात, ते सांगा."

मी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजी त्याचं काही जाऊन राहिलं, ते बघायला."

"हो."

"बराबर," अम्मी म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यांना पटलं की माझी कीव आली, ते कळलं नाही.

पहिल्या संध्याकाळी वावटळ सुटली. धुळीनं आकाश तांबूस झालं, वीज गेली, गाव अंधारात बुडालं. तरी धूळ खाली बसल्यावर पश्चिमेला कृत्तिकांचा झुपका दिसला आणि त्याला लगटून बुध. कॅमेरा लावण्याइतकं आकाश स्वच्छ नव्हतं. पण इतक्या खाली, इतका स्थिर बुध मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्याकडे तो दिसलाच तर सर्दी झाल्यासारखा दिसतो. मी आणलेल्या कोकमाच्या आगळाचं सरबत अम्मींनी त्या संध्याकाळी रोजा सोडताना घेतलं. पहिल्या घोटाला त्यांचा चेहरा आंबला, मग त्यांनी ग्लास पुन्हा पुढे केला. सोबत आणलेल्या सुक्या कोळंबीच्या, सोड्यांच्या वासावर मात्र त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडून ठेवली, आणि नसरीननं ते एकटीनं, डोळे मिटून खाल्ले.

समोरचं आवार

दुसऱ्या दिवशी आकाश धुऊन निघाल्यासारखं निळं होतं. सूर्य बुडाला. मी कॅमेऱ्यावर फिल्टर बसवला. सोडियमचा तेवढा पिवळा रंग आत सोडायचा आणि बाकी सगळे रंग अडवायचे, हे त्याचं काम. बुध चौकटीत आला. आणि तेवढ्यात समोरच्या आवारातल्या खांबावर एक दिवा लागला. आधी गुलाबी, मग पिवळा.

मला हसू की रडू कळेना. गावातले बाकीचे दिवे पांढरे झालेले, आणि उरलेला हा एकुलता एक जुना सोडियमचा दिवा नेमका गच्चीच्या पश्चिमेला, तोंड आमच्याकडे करून. बाकी कुठलाही उजेड माझ्या फिल्टरनं अडवला असता. हाच एक त्यानं पाहुण्यासारखा आत घेतला. पडद्यावर नुसता पिवळा गाळ आला, मध्ये बुधाचा ठिपका, शेपटीचा पत्ता नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नसरीन कॉलेजला गेली होती आणि अम्मी कुराण वाचत बसल्या होत्या. मी कुणाला न विचारता समोरच्या आवारात गेले. आमच्या वाडीत असंच चालतं. काही हवं असेल तर कुंपणावरून हाक मारायची. आवारात हळद ताडपत्रीवर वाळत घातली होती, आणि एका बाजूला पॉलिशचा पिंप घरघरत होता. आत हळद एकमेकींवर घासून साल झडत होती आणि पिवळी धूळ उन्हात तरंगत होती. साठीचे एक जाड चष्म्याचे गृहस्थ खुर्चीवर बसले होते. हे गफूरशेठ, हळदीचे व्यापारी. मी त्यांना सगळं सांगितलं: बुध, शेपटी, पिवळा रंग, त्यांचा दिवा.

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तुमी भाभीच्या पाहुण्या?"

मी हो म्हणाले.

"मग भाभीला सांगू द्या. त्यांनी सांगितलं, की त्याच घडीला बंद करतो."

मला वाटलं, किती सोपं झालं. घरी येऊन अम्मींना सांगितलं, तर त्यांनी वाचन थांबवलं, खूण घालून ग्रंथ मिटला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी तिथं गेलाच काहून?"

दुपारी नसरीननं उलगडा केला. गफूरशेठ म्हणजे तिचे चुलत सासरे, अम्मींचे धाकटे दीर. एकेकाळी एकाच ताटात जेवणारी माणसं. तिचे सासरे गेले त्या वर्षी धंद्याची वाटणी झाली. घर अम्मींकडे आलं, आवार चाचांकडे गेलं. अम्मींच्या मनात बसलं, की भावाची माती ओली असताना यानं वाटणी मागितली. तेव्हापासून बोलणं बंद. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो दिवा लागला, तोंड यांच्या घराकडे करून.

"अम्मींच्या खोलीत रात्रभर उजेड येतो," नसरीन म्हणाली. "त्या म्हणतात, झोपू द्यायचं नाही म्हणून लावलाय. आता चाचांना वाटतंय, अम्मींनी वाकून यावं. सोडा ताई, तो दिवा विझणार नाही."

मी अम्मींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमाला काय ठाव. पण मी त्याला बोलणार न्हाई. चांदणीच्या शेपटासाठी तर न्हाईच न्हाई."

त्या संध्याकाळी चंद्र दिसतो का बघायला सगळं गाव गच्च्यांवर होतं. चंद्र दिसला असता तर दुसऱ्या दिवशी ईद, आणि माझी परतीची गाडी. पण अमावास्या जेमतेम उलटली होती. आम्ही तिघींनी डोळे दुखेपर्यंत क्षितिज चाळलं. पलीकडच्या आवारात गफूरशेठही टाचा उंचावून उभे होते. चंद्र दिसला नाही. रोजा आणखी एक वाढला आणि मला आणखी एक संध्याकाळ मिळाली, जिचा त्या दिव्याखाली काही उपयोग नव्हता. तरी मी कॅमेरा लावून ठेवला होता. अम्मी मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे पिवळं म्हंजी त्याची शेपूट?"

"नाही अम्मी. हा समोरचा दिवा. शेपटी असलीच तर याच्या खाली बुडालेली आहे."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "तुमी कधीपासून याच्या मागं हाव?"

मी त्यांना प्रयोगशाळेचं सांगितलं. रोज दिवा लावायचा, तो तापला की बाजूला व्हायचं, आणि त्या उजेडात मुलांनी प्रयोग करायचा. त्या दिव्याखाली मी स्वतः काही मोजलं नाही की काही शोधलं नाही. हा एक फोटो मात्र माझा मला काढायचा होता. एवढं सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या खांद्यावर हात टेकून अम्मी जिन्याकडे गेल्या, आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरल्या.

चांदरात

दुसऱ्या दिवशी अजान झाली, आम्ही खजूर तोंडात टाकून गच्चीवर धावलो. नसरीनला आधी दिसला. केसाइतका बारीक चंद्र, आणि त्याच्या उजव्या अंगाला, हात लांब करून दोन बोटांत मावेल एवढ्या अंतरावर बुध. गल्लीत मुलांचा गलका झाला. अम्मींनी दुआ मागितली, हात चेहऱ्यावरून फिरवले.

दिवा लागला. गुलाबी, मग पिवळा.

मी तिपाई आवरायला घेतली. तेवढ्यात अम्मी कठड्याशी गेल्या आणि त्यांनी खाली हाक मारली, "गफूर."

घरात ही माणसं दखनी उर्दूत बोलतात. मी ते मराठीत लिहिते आहे. खाली आवारात गफूरशेठ चंद्राकडे तोंड करून उभे होते. ते वळले.

"गफूर, ती बत्ती बंद कर. बाईंना काम हाय."

"व्हय भाभी," ते म्हणाले. तेवढंच.

दिवा विझला. नसरीननं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी तिथे दुखत होतं. मी कॅमेरा सुरू केला. बुध खाली उतरत होता, हातात पाऊण तासही नव्हता. एक फोटो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, अशी बेरीज करत नेलं की अंधुक गोष्टी वर येतात. आम्ही तिघी छोट्या पडद्यावर वाकलो होतो. आधी नुसता ठिपका. मग त्याच्या वरच्या बाजूला, सूर्य जिथे बुडाला होता त्याच्या बरोबर उलट दिशेला, काहीतरी धूसर असल्याचा भास. मग भास राहिला नाही. अगरबत्तीचा धूर वारा नसताना जसा सरळ वर जातो, तशी पिवळसर रेघ निघाली होती आणि वर जात जात रुंद होऊन विरत होती.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत जो रंग मी उभा जन्म पाहिला, तोच. इथे त्याला नळी नव्हती, वायर नव्हती. एका उघड्याबोडक्या ग्रहाचे दगड सूर्याच्या माऱ्यानं अणू अणू सोडत होते, आणि सूर्यच ते उजळवत होता. इतकं विरळ, की त्याच्या आरपार तारे दिसावेत. आणि तरी ते हट्ट्याच्या गच्चीवर येऊन पोचलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी चष्म्याच्या नावावर खपवलं.

"हे गेलेलं परत येतं?" अम्मींनी विचारलं.

"जे एवढ्या लांब गेलं ते नाही येत."

"मग त्यो झिजून जाईल एक दिवस."

"नाही अम्मी. कोट्यवधी वर्षं झडतोय, पण त्याच्या मानानं हे काहीच नाही. चंद्राचंही असंच आहे. त्यालाही अशीच शेपटी असते, आणि अमावास्येच्या सुमारास ती थेट पृथ्वीपर्यंत येते. काल आपल्याला चंद्र दिसत नव्हता ना, तेव्हा त्याचे अणू आपल्या अंगावरून जात असतील."

अम्मींनी चंद्राकडे पाहिलं. "काल," त्या म्हणाल्या. "आन आमी म्हणत होतो, आलाच न्हाई."

जिन्यात पावलं वाजली. हा जिना घराच्या बाहेरच्या अंगानं चढतो, अरुंद आणि उभा. खालून टॉर्चचा उजेड पायऱ्यांवर पडला, आणि मागोमाग गफूरशेठ वर आले, धापा टाकत.

"तू कसा आलास?" अम्मींनी विचारलं.

"पायरीवर अंधार झाला ना. तुमी उतरणार कशा?"

मी विचारलं, "शेठ, तो दिवा जिन्यासाठी होता?"

"मग कशासाठी बाई? माझी हळद तर रातच्याला गोदामात ऱ्हाते." ते माझ्याशी बोलत होते, पण बघत टॉर्चच्या उजेडाकडे होते. "भाई गेल्यावर भाभी इथंच पडल्या. मनगट मोडलं. घरात बाप्या मानूस न्हाई. म्हणून बत्ती इकडं वळवली. ती बंद करायची तर त्यांनीच सांगायला पायजे होतं."

अम्मींनी डावं मनगट उजव्या हातात धरलं होतं.

"सांगायचं न्हाई मला?"

"कसं सांगणार भाभी? बोलनं कुठं चालू होतं?"

नसरीन तोंडावर ओढणी धरून दुसरीकडे बघायला लागली. हसत होती की रडत होती, मला अंधारात दिसलं नाही. अम्मी म्हणाल्या, "ये. बघ हिकडं. बाईंनी काय धरलंय ते." गफूरशेठ पडद्यावर वाकले. त्यांना काही दिसेना, तर अम्मींनी बोटानं दाखवलं: इथून निघालं, इथवर गेलं.

ईद

सकाळी इम्रान पुण्याहून आला आणि तसाच आंघोळ करून ईदगाहला गेला. मला वसमतची बस गाठायची होती. तिथून पूर्णा, आणि पुढे घर. नसरीननं शिरखुर्म्याचा डबा भरून दिला. कॅमेऱ्याची पेटी दारात ठेवून मी निघायच्या बेतात होते, तेवढ्यात नमाज आटोपून गफूरशेठ आले. पांढरा कुर्ता, अत्तराचा वास. पुढच्या दारानं ते या घरात किती वर्षांनी येत होते, कोण जाणे. उंबऱ्यापाशी थबकले, मग चपला काढल्या.

वाटणीचा विषय कुणी काढला नाही. तो नंतर निघाला असेल तर मला माहीत नाही. त्या दिवशी अम्मींनी त्यांना बसवलं, वाटी पुढे ठेवली आणि बुधाबद्दल सांगायला सुरुवात केली. त्याला वारा न्हाई, पाणी न्हाई, म्हणून ऊन सरळ दगडाला लागतं. दगडातून बारीक बारीक काही सुटतं आणि निघून जातं. चांदाचंबी तसंच हाय. मी सांगितलेलं त्यांनी एवढं नीट लक्षात ठेवलं होतं, की माझ्या प्रयोगशाळेतल्या कित्येक मुलांना जमलं नसतं.

"आन तरी त्यो संपत न्हाई?" गफूरशेठनी विचारलं.

"न्हाई. लई मोठा हाय त्यो."

गफूरशेठ मान हलवत राहिले. वाटी रिकामी झाली होती. अम्मींनी न विचारता ती पुन्हा भरली, आणि ते एकेक चमचा सावकाश खाऊ लागले. दारात ईदगाहहून परतलेल्या इम्राननं मला बसपर्यंत सोडायला गाडीची किल्ली हातात घेतली होती. नसरीननं माझ्याकडे बघितलं. मी पेटी उचलली नाही.

वसमतची बस चुकली. गफूरशेठची दुसरी वाटी संपायला फार वेळ लागला, आणि त्यांना कुणी घाई केली नाही.